रुळांच्या कडेचं पुणे : स्टेशन, मालधक्का, जुना बाजार आणि संगम, कॅमेरा घेऊन चालायची वाट

पुण्याचे फोटो म्हटलं की शनिवारवाडा, पर्वती, तुळशीबाग आणि विसर्जन मिरवणूक. पुणे स्टेशनपासून संगम पुलापर्यंतचा रुळांलगतचा पट्टा या यादीत सहसा येत नाही. लोक तिथून रोज जातात, पण रिक्षातून, बसमधून, किंवा गाडी चुकायच्या भीतीने घाईघाईत. पायी चालून, थांबून, बघून कोणी जात नाही. खरं तर मालधक्का, मंगळवार पेठ, जुना बाजार, आरटीओ आणि संगम एवढ्या साडेतीन किलोमीटरमध्ये फोटोसाठी जितकं दाटीवाटीने मिळतं तितकं लक्ष्मी रस्त्यावरही मिळत नाही.

हा पट्टा असा का झाला, ते आधी समजून घ्या. १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. बोरघाटातला चढ १८६३ मध्ये पुरा होईपर्यंत प्रवासी घाट पालखीतून किंवा तट्टावरून पार करत. पेठांच्या उत्तरेला रूळ पडले, आणि रूळ व जुनं गाव यांच्या मधल्या जागेत माल उतरवणारे, ओढणारे, दुरुस्त करणारे, जुनं विकत घेऊन पुन्हा विकणारे लोक स्थिरावले. आजही इथल्या गल्ल्यांची दिशा, दुकानांचा प्रकार, घरांच्या भिंतीची कोणती बाजू बंद आणि कोणती उघडी, हे सगळं रुळांनी ठरवलेलं आहे. म्हणून या वाटेवर गाडीचे फोटो काढायला जाऊ नका. गाडी अर्ध्या मिनिटात निघून जाते. तिच्यामुळे उभं राहिलेलं जगणं फोटोत यायला हवं. पंचवीस चांगल्या फोटोंमध्ये गाडी तीन-चारांत दिसली तरी पुरे.

दिवस आणि वेळ

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तो वाटेत हवा असेल तर दिवस आपोआप ठरतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रविवार घ्यावा, कारण रस्त्यावरची वाहनं कमी असतात आणि पुलाखाली थांबता येतं. बुधवारी गर्दी वेगळी असते, खरेदीला आलेले कारागीर जास्त दिसतात. दुसऱ्या फेरीला तो दिवस ठेवा.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. स्टेशनच्या आसपास रूळ ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातात, म्हणजे सकाळी पूर्वेकडे तोंड केलं की ऊन रुळांवरून सरळ तुमच्याकडे येतं. ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. हा अर्ध्या तासाचा फरक महत्त्वाचा आहे. सव्वासातला डेक्कन क्वीन सुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या वेळी ऊन प्लॅटफॉर्मवर आलेलं असतं, जानेवारीत सूर्य जेमतेम उगवलेला असतो. दोन्ही चालतं, पण जानेवारीत जाताना आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० लागेल हे गृहीत धरा.

एप्रिल-मे टाळा. दहानंतर खडीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे लांबच्या लेन्सने काढलेलं सगळं थरथरतं. फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येतो, आणि लोक उगाच लेन्सला दोष देतात. २०० मिमीच्या लेन्सने शंभर-दीडशे मीटरवरचं काही काढायचं असेल तर ते सकाळी नवाच्या आत. त्यानंतर ज्या गोष्टी वीस मीटरच्या आत आहेत तेवढ्याच काढा.

पावसाळ्यात ही वाट फार सुंदर दिसते, पण संगमाचा टप्पा बेभरवशाचा असतो. खडकवासल्यातून विसर्ग सुरू असेल तर घाटाच्या पायऱ्यांकडे फिरकू नका. पाणी संथ वाटत असतानाच वाढतं. त्या दिवशी पुलावरूनच फोटो घ्या.

साधारण आखणी अशी : पावणेसातला स्टेशन, पावणेआठला मालधक्का, साडेआठ ते साडेनऊ मंगळवार पेठेच्या गल्ल्या, त्यानंतर जुना बाजार, अकराच्या सुमारास रेल्वे पुलाखालून आरटीओ, आणि शेवटी संगम. एकूण साडेचार ते पाच तास. याहून घाईत केलं तर फक्त चालणं होतं.

आधी कायदा आणि जीव

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

रुळांवर, रुळांच्या कडेच्या खडीवर किंवा यार्डात परवानगीशिवाय जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘सगळेच ओलांडतात’ हे खरं असलं तरी कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही आणि ऐकूही कमी येतं. विजेवरची लोकल जवळ येईपर्यंत फारसा आवाज करत नाही. एक गाडी जात असताना तिच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची गाडी अजिबात ऐकू येत नाही. अपघात होतात ते अनेकदा या दुसऱ्या गाडीने. या लेखातली प्रत्येक जागा सार्वजनिक रस्ता, पूल किंवा तिकीट काढून जाता येईल असा प्लॅटफॉर्म आहे. याबाहेर जायची गरज पडत नाही.

वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लावावा लागतो असंही नाही, दोन मीटरच्या आत काही गेलं तरी वीज झेप घेऊ शकते. म्हणून पादचारी पुलावर मोनोपॉड, सेल्फी स्टिक, उघडी छत्री, काठीवर लावलेला मोबाइल यांतलं काहीही वर किंवा कठड्याबाहेर धरायचं नाही.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या गाडीच्या दिशेने फ्लॅश मारू नका, लोको पायलटचे डोळे दिपतात. आणि लाल ओढणी, लाल पिशवी, लाल रेनकोट हातात धरून रुळांजवळ हलवू नका. लाल कापड म्हणजे गाडी थांबवण्याची खूण.

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, दोन तासांसाठी. दिवाळी आणि सुट्ट्यांच्या गर्दीत त्याची विक्री कधी कधी बंद ठेवतात. तेव्हा लोकलचं शिवाजीनगरचं तिकीट काढा आणि खरोखरच लोकलने जा, वाट उलट्या दिशेने करता येते. स्वतःसाठी हौसेने मोबाइल किंवा छोटा कॅमेरा वापरत असाल तर सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड, दिवे, मॉडेल, लग्नाआधीचे फोटो, जाहिरात असं काही असेल तर मध्य रेल्वेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने हटकलं तर कॅमेरा खाली घ्या, तिकीट दाखवा, काय काढत होता ते दाखवा. तिथे वाद घालून काही मिळत नाही, आणि त्याचं काम तो करत असतो.

ड्रोन आणू नका. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ आहे, लष्कराच्या जागा चहूकडे आहेत. घोरपडी आणि खडकीच्या बाजूला गेलात तर ‘छायाचित्रण निषिद्ध’ असे फलक दिसतात. त्या भिंतीकडे कॅमेरा वळवायचा नाही, ती मागे अस्पष्ट आली तरी नको.

सोबत काय

कमी न्या. एक कॅमेरा, एक २८ किंवा ३५ मिमीची लेन्स आणि असलीच तर एक ८५ मिमी किंवा ७०-२००. बाजारात आणि गल्लीत ९० टक्के काम पहिल्या लेन्सने होतं. दोन लेन्स असल्या तर त्या कुठे बदलायच्या ते आधी ठरवून घ्या : चहाच्या दुकानात बसून, टेबलावर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. प्लॅटफॉर्मवर कधीही नाही. ब्रेकची लोखंडी धूळ हवेत असते, ती सेन्सरवर बसली की एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवलं की, आभाळात काळे ठिपके दिसतात, आणि ती साध्या ब्लोअरने सहज निघत नाही.

कार्ड ६४ जीबीचं पुरतं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५-३० एमबी धरा, म्हणजे दोन हजारांच्या आसपास फोटो. जास्तीची एक बॅटरी, चष्म्याचं कापड, एक लिटर पाणी, सुटे पैसे, छोटी वही. वही खरंच हवी, कारण घरी गेल्यावर कोणतं दुकान कोणत्या गल्लीतलं ते आठवत नाही. कॅमेऱ्याची मोठी काळी बॅग नको, साधी खांद्याची पिशवी बरी. बूट बंद घाला. जुन्या बाजाराच्या रस्त्यावर खिळे आणि पत्र्याचे तुकडे असतात.

मोबाइलने काढणाऱ्यांनी एवढं करावं : भिंग पुसा (धुरकट फोटोंचं हे पहिलं कारण), डिजिटल झूम वापरू नका, आणि जिथे उजेड महत्त्वाचा आहे तिथे पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड दोन्ही लॉक करून घ्या, म्हणजे ते बदलत नाहीत. नाहीतर इंजिनचा दिवा चौकटीत आला की अख्खा फोटो काळा होतो.

चौघांपेक्षा मोठा गट नको. दहा जण कॅमेरे घेऊन गल्लीत शिरले की ती गल्ली बघायला उरत नाही, सगळी गल्ली तुम्हालाच बघत बसते. जास्त जण असाल तर दोघा-दोघांनी विभागून जा, संगमावर भेटा.

पहिला टप्पा : स्टेशन

वनाज ते रामवाडी मेट्रोने आलात तर पुणे रेल्वे स्टेशनला उतरा. स्टेशनची मुख्य इमारत १९२५ ची, तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी साडेसात-आठला दर्शनी भागावर तिरपं ऊन पडतं आणि कमानी, कंगोरे उठून दिसतात. उन्हाळ्यात ते तसं मिळत नाही. समोर रिक्षा, बस आणि तारा यांची गर्दी असल्यामुळे पूर्ण इमारत एका चौकटीत घेण्याचा हट्ट धरू नका. रुंद लेन्स वर उचललीत की भिंती मागे कलतात. कॅमेरा सरळ धरा, लांब जा, आणि खालचा रस्ता फोटोत येऊ द्या. तो रस्ताही विषयच आहे.

आत गेल्यावर थेट पादचारी पुलावर. इथून तीन प्रकारचे फोटो मिळतात.

पहिला, वरून खाली. डब्यांची छपरं, त्यांच्या मधली फट, आणि त्या फटीतून दिसणारी माणसं. छपरं चकाकतात, म्हणून कॅमेऱ्याच्या मोजमापापेक्षा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

दुसरा, पूर्वेकडे, उन्हाच्या तोंडावर. चमकणारे रूळ. उजेड रुळांच्या चकाकीवर मोजा आणि बाकी सगळं अंधारात जाऊ द्या. इथे एफ ८, आयएसओ २००, शटर १/१००० सेकंद, इथपासून सुरुवात करा आणि पडद्यावर बघत कमी-जास्त करा. भिंग स्वच्छ नसेल तर या फोटोत पांढरा पडदा पडतो. हुड लावा किंवा हाताने सावली करा.

तिसरा, गाडी सुटतानाचा. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते, आणि २०२२ पासून तिला हिरव्या-पिवळसर रंगाचे नवे डबे आहेत. दर वर्षी १ जूनला प्रवासी तिचा वाढदिवस स्टेशनवर साजरा करतात. त्या दिवशी माणसांचे चेहरे मिळतात, गाडी मात्र धड दिसत नाही. इतर दिवशी प्लॅटफॉर्मच्या मध्यावर थांबा आणि निघायच्या आधीची पाच मिनिटं वापरा. दारात उभे पासधारक, खिडकीतून हात, धावत येणारा शेवटचा माणूस. पिवळ्या पट्टीच्या आतच.

शटरचं गणित एकदा समजलं की विसरत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. १/१००० सेकंदात गाडी पावणेदोन सेंटिमीटर सरकते, १/३० सेकंदात अर्ध्या मीटरहून जास्त. तुमच्यासमोरून आडवी जाणारी गाडी गोठवायची तर १/१००० किंवा वर. तुमच्याच दिशेने येणारी असेल तर १/५०० ही चालतं, कारण चौकटीत ती जागा कमी बदलते. आणि गाडी धूसर, माणूस स्पष्ट असं हवं असेल तर १/१५ ते १/३०, कॅमेरा खांबाला टेकवून, श्वास रोखून, सलग पाच-सहा फोटो. त्यातला एखादाच जमतो. स्थिर उभा माणूस निवडा, चालणारा निवडलात तर दोघेही धूसर होतात.

प्लॅटफॉर्मवरच्या दिव्यांखाली फोटोत आडवे गडद पट्टे आले तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

गाडी कधी येणार हे ॲपवर कळतं, पण सिग्नल वाचता आला तर जास्त कामाचं. लाल म्हणजे थांबा, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने या, दोन पिवळे म्हणजे जपून पुढे, हिरवा म्हणजे मोकळं. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा सिग्नल लालाचा बदलला की त्या रुळावरून लवकरच गाडी जाणार. चौकट आधी लावून ठेवा.

वहीत एक नोंद करा. तारांच्या खांबांवर किलोमीटर आणि क्रमांक लिहिलेला असतो. अंतर मुंबईपासून मोजतात, पुणे १९२ किलोमीटरवर आहे. फोटोत दिसणाऱ्या खांबाचा आकडा टिपून ठेवलात तर दहा वर्षांनी नेमक्या त्याच जागेचा फोटो पुन्हा काढता येतो. शहर किती बदललं ते दाखवायचा याहून सोपा मार्ग नाही.

दुसरा टप्पा : मालधक्का आणि मंगळवार पेठ

स्टेशनमधून बाहेर पडून ससूनच्या बाजूने पश्चिमेकडे चाला. ससूनची जुनी दगडी इमारत १८६७ ची. बाहेरून, रस्त्यावरून बघा. रुग्णालयाच्या आवारात, रुग्ण आणि नातेवाइकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. यात सवलत नाही.

मालधक्का चौकापाशी आलात की गती निम्मी करा. इथून पुढे गोदामं, वाहतुकीची दुकानं, टायरवाले, वेल्डिंगची कामं, चहाच्या टपऱ्या आणि मध्येच एखादं जुनं कौलारू घर. इथे हमाल, टेम्पोचालक आणि गॅरेजवाले कामात असतात. ५० किलोचं पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाच्या वाटेत उभं राहून ‘एक मिनिट थांबा’ म्हणणं हा अपमान आहे. बाजूला उभे राहा, तो दोनदा-तीनदा त्याच वाटेने जातो. पहिल्या फेरीत बघा, दुसऱ्या फेरीत काढा. फोटो पायाच्या पुढच्या पावलावर घ्या, पाय जमिनीवर टेकण्याच्या आत. टेकल्यावर सगळा बोजा खाली बसतो आणि हालचाल मरते.

मंगळवार पेठेतल्या गल्ल्यांत कोणत्या गोष्टी शोधायच्या? रुळांच्या बाजूची बंद भिंत आणि तिला टेकून केलेला संसार : पाण्याची पिंपं, दोरीवरचे कपडे, तुळस, सायकल, कोंबड्यांचा खुराडा. जुन्या रुळाचा तुकडा खांब म्हणून रोवलेला दिसतो का बघा, रेल्वेच्या आसपासच्या वस्त्यांत तो हमखास सापडतो. निळा रंग, पंचशील ध्वज, बाबासाहेबांच्या प्रतिमा, मंडळांचे फलक, तालमी. १४ एप्रिलला या भागात आणि स्टेशनजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी फार मोठी गर्दी असते. त्या दिवसाचे फोटो काढायचे तर ते वेगळं काम आहे, या वाटेत ते घुसवू नका.

वेळ असेल तर डावीकडे वळून सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर बघून या, नागझरीच्या काठचं, अठराव्या शतकातलं, काळ्या दगडात बारीक कोरलेलं. रुळांशी त्याचा संबंध नाही, पण सकाळच्या तिरप्या उजेडात ती दर्शनी भिंत न बघता पुढे जाणं जिवावर येतं.

माणसांचे फोटो

रुळांलगतच्या वस्तीत कॅमेरा दिसला की पहिली शंका येते ती सर्व्हेची. घर मोजायला आलेत का, नोटीस येणार का, रेल्वेचे की महापालिकेचे. ही शंका रास्त आहे, जागेवरून उठवलं जाण्याची टांगती तलवार तिथे खरी असते. म्हणून घराचा, दाराचा, घरक्रमांकाचा फोटो न विचारता काढायचा नाही. कोणी विचारलं तर सरळ उत्तर द्या : ‘काका, सर्व्हेचं काही नाही. जुन्या पुण्याचे फोटो काढतोय. हे बघा.’ आणि खरंच दाखवा.

विचारायची पद्धत साधी असते. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ नाही म्हणाल्या तर ‘बरं’ म्हणून पुढे. हो म्हणाल्या तर त्या ताठ उभ्या राहतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो काढाच, त्यांना हवाय तो हाच. मग बोलत राहा. दोन मिनिटांनी त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या की दुसरा काढा. मुलं धावत येतात, पोज देतात, पण त्यांच्या आई-वडिलांना किंवा आजीला विचारल्याशिवाय नको. अंघोळ, झोप, भांडण, दारू, आजारपण यांचे फोटो कुणी परवानगी दिली तरी काढू नयेत असं आमचं ठाम मत आहे.

पैसे देऊन फोटो काढू नका. चहा प्या, वडापाव खा, ब्लेड-कुलूप काही विकत घ्या. आणि फोटो देतो म्हणालात तर द्या.

तिसरा टप्पा : जुना बाजार

शाहीर अमर शेख चौकाच्या अलीकडे रस्त्याकडेला बाजार पसरतो. नऊच्या पुढे मांडामांड सुरू होते, आणि तीच वेळ सगळ्यात चांगली, कारण माल अजून गोणपाटातून बाहेर येत असतो आणि विक्रेते गिऱ्हाइकात गुंतलेले नसतात. पाने, पक्कड, ड्रिलचे बिट, मोटारींचे सुटे भाग, पितळी भांडी, कुलपं, जुनी नाणी, घड्याळं, रेडिओ, कपडे, बूट.

इथे मुख्य अडचण रंगाची. वर निळी किंवा पिवळी ताडपत्री ताणलेली असते, तिच्यातून उजेड गाळून येतो आणि माणसांचे चेहरे निळे पडतात. कॅमेऱ्याचं आपोआप रंगसंतुलन दर फोटोला वेगळं ठरवतं, त्यामुळे घरी गेल्यावर एका माणसाचे चार फोटो चार रंगांचे निघतात. उपाय दोन. रॉमध्ये काढा आणि रंगसंतुलन ‘डेलाइट’वर कायम ठेवा, म्हणजे निदान चूक सगळीकडे सारखी असेल आणि एका फटक्यात सुधारता येईल. किंवा ताडपत्रीच्या काठाशी बसलेला विक्रेता शोधा, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड समोरून येतो. दुसरा उपाय नेहमीच सरस.

वस्तूंचे फोटो उभ्याने काढले तर नुसता पसारा दिसतो. उकिडवे बसा. कॅमेरा वस्तूंच्या उंचीवर, एफ ४ किंवा ५.६, एकाच गोष्टीवर फोकस, बाकी मागे सुटू द्या. किंवा अगदी उलट : सरळ वरून, एफ ८, चौकट काठोकाठ भरलेली, मध्ये मोकळी जागा नाही. या दोन टोकांच्या मधला कोन इथे कामाचा नाही. हात आला तर उत्तम. घासाघीस करणारे दोन हात आणि मध्ये एक पाना, एवढ्यात बाजार येतो.

जुन्या वस्तूंवर मालकी कुणाची, आली कुठून, असले प्रश्न कॅमेरा हातात असताना विचारू नका. खिसा सांभाळा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून ठेवा.

चौथा टप्पा : पुलाखालून संगमाकडे

अमर शेख चौकातून रेल्वे पुलाखालून आरटीओच्या दिशेने जा. पुलाखाली अंधार आणि पलीकडे लख्ख ऊन, फरक पाच-सहा स्टॉपचा. दोन्ही एका फोटोत येणार नाही, हे मान्य करूनच उभे राहा. उजेड बाहेरच्या रस्त्यावर मोजा, आत येणारी माणसं काळ्या आकृत्या म्हणून घ्या. दोघांमध्ये थोडी मोकळी जागा दिसेपर्यंत थांबा, नाहीतर आकृत्या एकमेकींत मिसळून एक काळा ढीग होतो. सायकल, हातगाडी, डोक्यावरचं ओझं या आकृती ओळखू येतात. कार येत नाही. पदपथावरच उभे राहा, इथे बस अंगाला घासून वळतात.

संगम पुलाचं जुनं नाव वेलस्ली पूल. शेजारीच रेल्वे पूल आहे, खाली मुठा, आणि थोडं पुढे मुळेशी तिची भेट. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी इथली ब्रिटिश रेसिडेन्सी जाळली गेली. पलीकडे १८५४ मध्ये सुरू झालेलं, २०२२ मध्ये विद्यापीठ झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्याचा बोट क्लब. पुलावरून ७० ते १०० मिमीने रेल्वे पूल आणि खालचं पाणी एकत्र घ्या. गाडीची वाट बघा, फार वेळ लागत नाही. अकराच्या उन्हात पाण्यावरची चकाकी त्रास देते. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी गाळणारा फिल्टर) फिरवून ती कमी होते, पण त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, शटर सांभाळा. नदीचा घाण फेस, जलपर्णी, काठचं बांधकाम चौकटीबाहेर काढून सुंदर नदी दाखवू नका. आहे तशी घ्या.

इथून शिवाजीनगर स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटं.

ही वाट झाल्यावर दुसरी करायची असेल तर घोरपडी गाव. तिथे सोलापूरकडे आणि मिरजेकडे जाणारे मार्ग वेगळे होतात. मिरजेचा मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेज होता. फाटक बंद झालं की दोन्ही बाजूंना साचणारी गर्दी हाच तिथला विषय. फाटकाच्या दांड्याखालून वाकून जायचं नाही, आणि लष्करी भिंतींबद्दल वर सांगितलंच आहे.

घरी आल्यावर

त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत करा, मगच कार्ड पुसा. निवड मात्र दोन-तीन दिवसांनी, ताज्या आठवणीत वाईट फोटोही चांगले वाटतात. पाचशेतून आधी साठ, मग पंचवीस. एकाच जागेचे दोन नकोत. लांबून, मध्यम, अगदी जवळून अशी मिसळ आहे का बघा. नवशिक्यांच्या संचात बहुतेक वेळा सगळे फोटो कमरेच्या उंचीवरून, पाच मीटरवरून काढलेले निघतात. त्यामुळे एकेक फोटो बरा असूनही संच कंटाळवाणा होतो. पाठमोरी माणसं जास्त झाली असतील तर या फेरीत बोलायला कमी पडलात असं समजा.

रंग भडक करू नका. मंगळवार पेठेची धूळ पिवळसरच राहू द्या. प्रत्येक फोटोखाली जागा, दिशा, तारीख आणि कळलं असेल तर काम लिहा : ‘मालधक्का चौक, पश्चिमेकडे बघताना, गाठोडी बांधणारे’. ‘संघर्ष’, ‘जिद्द’ असले मथळे नकोत. ज्यांचा फोटो आहे त्यांना ते वाचून दाखवता येईल एवढंच लिहायचं. घरांचे आणि मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकणार असाल तर फाइलमधली जीपीएस माहिती आधी काढून टाका.

आणि चार बाय सहाच्या प्रिंट काढा, मागे पेन्सिलने दुकान किंवा गल्ली लिहा. पुढच्या बुधवारी किंवा रविवारी त्या घेऊन परत जा. माणूस सापडला नाही तर शेजारच्या चहावाल्याकडे ठेवा, तो पोचवतो. दुसऱ्या फेरीला कॅमेरा पहिला अर्धा तास पिशवीतच राहू द्या.